पिवळ्याची झाली खाकी: सोलापुरातल्या एका रंगशाळेतलं कथिलाच्या क्षाराचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे माग चालवणारं एक घर आहे. त्या घरातल्या धाकट्या सुनेनं काही वर्षांपूर्वी नैसर्गिक रंगाचं काम सुरू केलं. लोकरीचा आणि रेशमाचा धागा आणायचा, डाळिंबाच्या सालीत, मंजिष्ठात, हिरड्यात रंगवायचा आणि त्याच्या शाली, स्टोल विणून घ्यायचे. माल थोडा, भाव बरा. फेब्रुवारीत त्यांनी एका गिऱ्हाइकाला लोकरीच्या पिवळ्या धाग्याचा नमुना पाठवला आणि तो पहिल्या फटक्यात पास झाला. मे अखेरीस त्याच प्रमाणांनी पूर्ण लॉट रंगवला. लड्या वाळल्या तेव्हा रंग मोहरीच्याही पलीकडे, खाकीकडे गेलेला. घड्यांपाशी फिकट चट्टे होते, लडी झटकली की बारीक पांढरी भुकटी उडायची आणि काही लड्या तर हाताला काथ्यासारख्या लागत होत्या.

मला बोलावलं ते रंग सुधारून द्यायला. मी आधी प्रमाणांची वही मागितली. कोरड्या लोकरीच्या वजनावर तुरटी दहा टक्के, टिन सॉल्ट दीड टक्का, बरोबर थोडं टार्टरिक आम्ल. त्यात लड्या तासभर गरम करायच्या, मग सालीच्या अर्कात तासभर. वहीत चूक काही नव्हती.

टिन सॉल्ट म्हणजे स्टॅनस क्लोराईड, कथिलाचा क्लोराईड क्षार. रंगाऱ्याच्या कामात तो मॉर्डंट म्हणून येतो. कथिलाचा अणू एका बाजूनं धाग्याला आणि दुसऱ्या बाजूनं रंगद्रव्याला धरतो, त्यामुळे रंग धुतला तरी टिकतो. तुरटीही हेच करते, पण कथिलानं पिवळा आणि लाल रंग जास्त उजळ येतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं किरमिजी किड्यांच्या रंगाला कथिलाच्या क्षाराची जोड दिली आणि युरोपला भडक शेंदरी लाल मिळाला. तेव्हापासून रंगाऱ्यांच्या फळीवर ही बाटली आहे.

संशय कुणावर

ताईंचा, म्हणजे मालकीणबाईंचा, संशय सालीवर होता. फेब्रुवारीची साल एका बहराची, मेची दुसऱ्या. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात डाळिंब एवढं आहे की केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे. तेव्हा साल मिळायला अडचण नाही, पण ती कुठल्या बागेची, तेल्या रोग पडलेल्या फळांची की चांगल्या, हे कुणी विचारत नाही. डाइंग मास्तरांचा संशय पाण्यावर. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं काम बोअरच्या पाण्यावर चालतं. बाटलीवर मात्र कुणाचाच संशय नव्हता. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "कंपनीचं केमिकल आहे ओ सर. मुदत पण संपली नाही त्याची. त्याला काय होणार?"

सालीचा निकाल लवकर लागला. फेब्रुवारीच्या सालीचं अर्धं पोतं कोपऱ्यात शिल्लक होतं. त्या सालीत एक छोटी लडी रंगवून घेतली, बाकी सगळं मेमधलंच ठेवलं. लडी खाकीच निघाली. मग ती बाटली खाली काढायला सांगितली.

बाटली

अर्धा किलोची प्लास्टिकची बाटली, थंडीत उघडलेली, पत्र्याच्या छपराखाली सर्वांत वरच्या फळीवर. झाकणाच्या आट्यांत पांढरा थर धरला होता, त्यामुळे ते घट्ट बसतच नव्हतं. आत सुटे स्फटिक नव्हतेच. एक अखंड ढेप होती, आणि तिचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, सपाट, पण बाटलीच्या तळाशी तिरका. फळी एका बाजूला झुकलेली होती. म्हणजे बाटलीतला माल फळीवर असतानाच पातळ झाला होता, पातळाला जशी पातळी यावी तशी ती आली होती आणि रात्री गारव्यानं तो तसाच पुन्हा गोठला होता. ढेपेच्या माथ्यावर पांढरट, पिठूळ साय होती. खालचा भाग फोडला तर काचेसारखा स्वच्छ निघाला.

इथे या क्षाराचा एक गुण सांगायला हवा, कारण सोलापुरात तो फार महत्त्वाचा ठरतो. बाजारात मिळतो तो स्टॅनस क्लोराईड डायहायड्रेट, म्हणजे प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले. हे स्फटिक सुमारे ३७.७ अंश सेल्सिअसला स्वतःच्याच पाण्यात विरघळू लागतात. पुस्तकात हा आकडा 'वितळणांक' म्हणून एका ओळीत येतो आणि वाचणारा पुढे जातो. थंड देशातल्या प्रयोगशाळेत त्याला अर्थही नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या वरच्या फळीवर तो त्याहूनही पुढे असतो. क्षार दुपारी वितळायचा, रात्री गोठायचा. दर वेळी झाकणाच्या फटीतून हवा आत घ्यायचा.

हवेचं त्याला वावडं आहे. या क्षारातलं कथील अर्धवट समाधानी असतं: त्यानं दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, आणखी दोन द्यायला ते तयार बसलेलं असतं. हवेतला ऑक्सिजन ते घेतो. मग टिन-दोनचं टिन-चार होतं आणि न विरघळणारी ऑक्सिक्लोराईडं, पुढे पाणी धरलेली कथिलाची ऑक्साईडं तयार होतात. माथ्यावरची पिठूळ साय तीच. बाटलीवरच्या मुदतीनं याचा काही अंदाज येत नाही, कारण ती न उघडलेल्या आणि थंड जागी ठेवलेल्या बाटलीची असते.

किती शिल्लक आहे

खराब झालंय एवढं म्हणून भागणार नव्हतं. किती खराब, हे कळायला हवं होतं, आणि त्याला आयोडीनचं अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबानं आयोडीन टाकून मोजणं, ही जुनी, स्वस्त, भरवशाची रीत आहे. आयोडीन टिन-दोनला टिन-चार करतं आणि स्वतः रंगहीन होतं. टिन-दोन संपलं की आयोडीनचा पुढचा थेंब स्टार्चला निळं करतो. एक दशांश नॉर्मल या ठरावीक तीव्रतेच्या आयोडीनचा एक मिलीलीटर म्हणजे ११.२८ मिलिग्रॅम डायहायड्रेट. पाव ग्रॅम शुद्ध क्षार घेतला तर २२ मिलीलीटरच्या थोडं वर आयोडीन लागायला हवं.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ढेपेचा माथा वेगळा आणि तळ वेगळा, तेव्हा नुसता वरचा किंवा नुसता खालचा तुकडा घेऊन चालत नाही. सगळी ढेप फोडून, खलून, पटकन मिसळावी लागते. आणि फ्लास्कमधल्या आम्लात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड हवेला बाहेर ठेवतो, नाहीतर काम चालू असतानाच क्षार बिघडत राहतो आणि आकडा खोटा येतो.

ताज्या, नुकत्या फोडलेल्या बाटलीतल्या क्षाराला २१.७ मिलीलीटर लागलं, म्हणजे जवळजवळ ९८ टक्के. ढेपेला १३.५. हिशेब ६१ टक्क्यांवर आला. वहीत दीड टक्का लिहिलेला होता, धाग्यापर्यंत कामाचं एक टक्काही पोचत नव्हतं.

जुन्या पाठ्यपुस्तकांत या क्षाराची ओळख मर्क्युरिक क्लोराईडनं पटवतात. आधी पांढरा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, येतो, क्षार जास्त असेल तर तो करडा, काळपट होत जातो. दिसायला सुंदर परीक्षा, पण रंगशाळेत पाऱ्याचं विष कशाला आणायचं? मास्तरांना मी औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन वापरायला सांगितलं. ताज्या बाटलीतला चिमूटभर क्षार थोड्या आम्लात विरघळवायचा आणि किती थेंबांचा रंग जातो ते मोजून ठेवायचं. दर महिन्याला तेवढाच क्षार घेऊन पुन्हा मोजायचं. आकडा ढोबळ येतो, पण घसरण लगेच दिसते.

चार भांडी

इथेच थांबलो असतो तर प्रकरण सोपं होतं: क्षार कमजोर, म्हणून रंग फिका. पण लड्यांचा रंग फिका नव्हता. तो मळला होता, हिरवट-करड्याकडे गेला होता. मॉर्डंट कमी पडलं तर पिवळा पातळ व्हायला हवा, खाकी का व्हावा? शिवाय टिन-चारचे क्षारही मॉर्डंट म्हणून चालतात. नुसतं ऑक्सिडीकरण हे खाकीचं पुरेसं कारण होत नाही.

म्हणून चार छोटी स्टीलची भांडी मांडली आणि चारीत सारख्या वजनाची लडी, एकाच पिंपातला सालीचा अर्क. दोन भांड्यांत ताजा क्षार, दोनांत ढेपेतला. प्रत्येक जोडीतलं एक बोअरच्या पाण्यात, दुसरं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात. बोअरचं पाणी रोजच्यासारखं पत्र्याच्या ड्रममध्ये तापवून घेतलेलं.

ताजा क्षार आणि शुद्ध पाणी: फेब्रुवारीच्या नमुन्याहूनही उजळ. ताजा क्षार आणि बोअरचं पाणी: नमुन्याच्या अगदी जवळ. जुना क्षार आणि शुद्ध पाणी: फिका पिवळा, पण स्वच्छ, हिरवट झाक नाही. जुना क्षार आणि बोअरचं पाणी: खाकी, अगदी लॉटसारखा.

म्हणजे दोष एकट्या क्षारात नव्हता, एकट्या पाण्यातही नव्हता. तापवलेल्या पाण्याला आम्ल घालून लोखंड ओळखणाऱ्या थायोसायनेटचे थेंब टाकले तर ते लालसर झालं: लोखंड. ड्रमची आतली बाजू गंजून तिचे पोपडे सुटत होते. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि टॅनिनला फेरिक लोखंड, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन दिलेलं, गंजातलं लोखंड भेटलं की करडा-काळा रंग होतो. हिराकस हा लोखंडाचा क्षार घालून रंगारी मुद्दाम हेच करतात. ताजा स्टॅनस क्लोराईड इथे नकळत दुसरं काम करत होता. तो फेरिक लोखंडाला एक इलेक्ट्रॉन परत देऊन फेरसवर आणतो आणि फेरस टॅनिनशी तेवढा गडद रंग देत नाही. क्षार ताजा होता तोवर ड्रमचा गंज झाकला जात होता. क्षाराची ताकद गेली आणि गंज उघडा पडला. ड्रम फेब्रुवारीतही तोच होता.

मला या प्रकरणात सगळ्यात रस वाटला तो इथे, कारण या क्षाराचे बाकीचे कितीतरी उपयोग याच एका गुणावर उभे आहेत. लोहखनिजातलं लोखंड मोजताना फेरिकचं फेरस करायला प्रयोगशाळेत हाच क्षार वापरतात. रंगाच्या भांड्यात नकळत झालं तेच तिथे मोजून मापून होतं. आरसे करताना काचेवर चांदी चढवण्याआधी ती स्टॅनस क्लोराईडच्या पातळ द्रावणानं धुतात, त्यामुळे काचेला कथिलाचा सूक्ष्म थर चिकटतो आणि चांदी त्यावर सारखी बसते. सोन्याच्या द्रावणात तो घातला की सोनं अतिसूक्ष्म कणांत सुटतं आणि जांभळा रंग येतो. काच आणि चिनी मातीवरच्या कामात तो 'कॅसियसचा जांभळा' म्हणून ओळखला जातो. रुग्णालयांत टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याची स्कॅन करतात तेव्हा ज्या कुपीत औषध मिसळतात तिच्यातही बहुधा हाच क्षार किंचित असतो, टेक्नेशियमला खालच्या अवस्थेत आणून औषधाशी जोडायला. युरोपात काचेच्या बरणीतल्या आणि डब्यातल्या पांढऱ्या शतावरीचा रंग राखायला किलोमागे २५ मिलिग्रॅम कथिलापर्यंत तो चालतो, पदार्थ-क्रमांक ई-५१२.

पांढरी भुकटी आणि काथ्यासारख्या लड्या

भुकटीचं कारण मास्तरांच्या हातात होतं. ते क्षार थेट बोअरच्या पाण्याच्या टबात टाकून ढवळत. थोड्या पाण्यात हा क्षार झटकन आणि स्वच्छ विरघळतो. त्याच्या वजनापेक्षा कमी पाणीही पुरतं. फसगत पुढे होते. पाणी वाढवलं की ते दुधाळ होतं, कारण पाणी क्षाराला फोडतं: थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि बेसिक क्लोराईड पांढऱ्या साक्यात बसतं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते सुटलेलं आम्ल खाऊन टाकतात, आणि साका आणखी वाढतो. वहीतलं टार्टरिक आम्ल कथिलाला द्रावणात धरून ठेवायलाच असतं, पण ते क्षारानंतर पडत होतं. तोवर साका लडीच्या घड्यांत जाऊन बसलेला. चट्टे तिथलेच.

क्रम उलटा हवा. आधी टार्टरिक आम्ल सगळ्या पाण्यात. क्षार वेगळ्या काचेच्या भांड्यात, थोड्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, कोमट करून, नितळ होईपर्यंत. मग ते द्रावण बारीक धारेनं टबात, आणि लड्या सर्वांत शेवटी. ढेपेतला क्षार आम्लातही पूर्ण नितळ होत नव्हता. जुनं, मुरलेलं स्टॅनिक ऑक्साईड हायड्रोक्लोरिकला सहसा दाद देत नाही.

आणि खरखरीत लड्या? मास्तर प्रत्येक घाण्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारतात. खरखरीत निघालेल्या सगळ्या लड्यांना लाल दोरा होता. विचारल्यावर त्यांनीच सांगितलं की पहिला घाणा मळकट दिसला म्हणून पुढच्यात त्यांनी टिन सॉल्ट दुप्पट केलं. कोणताही अनुभवी रंगारी हेच करील. पण कथील जास्त झालं की लोकर ताठ आणि ठिसूळ होते, आणि इथे तर दुपटीतला मोठा हिस्सा नुसता साका होता. रेशमाच्या धंद्यात याचा जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात डिंक काढल्यावर घटलेलं रेशमाचं वजन भरून काढायला स्टॅनिक क्लोराईड, म्हणजे टिन-चारचा क्षार, धाग्यात मुरवत. गिऱ्हाइकाला वजनदार रेशीम मिळे. काही दशकांनी ते घडीवर आपोआप चिरे. जुन्या युरोपीय झग्यांचे ते चिरलेले पदर संग्रहालयांना अजून डोकेदुखी आहेत.

क्षार परत उभा करणं

उरलेली ढेप फेकायची की वाचवायची? किंमत पाहिली तर फेकणं परवडलं असतं. ताईंना मात्र पुढच्या वर्षीसाठी रीत हवी होती, आणि या क्षाराची रीत सोपी आहे: तो ज्यापासून बनतो त्याच धातूनं तो परत उभा राहतो. आम्लातल्या टिन-चारला कथिलाचा धातू भेटला की दोन्ही मिळून टिन-दोन होतात. प्रयोगशाळेत द्रावणाच्या बाटलीत कथिलाचा खडा सोडून ठेवतात तो याचसाठी.

मास्तरांनी उत्साहानं कल्हईवाल्याकडून कथिलाची कांडी आणली. तिचा तुकडा आम्लात कोमट करून विरघळवला, भांडं झाकून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी पांढऱ्या, चमकत्या सुया जमल्या होत्या. गरम केलं की नाहीशा, गार झालं की परत हजर. कथिलाचा क्लोराईड असा वागत नाही, शिशाचा वागतो. सुया गार पातळ आम्लानं धुऊन, गरम पाण्यात विरघळवून पोटॅशियम आयोडाईड टाकलं. पिवळा साका आला, तापवल्यावर विरघळला आणि निवताना परत आला तो सोनेरी चकत्यांच्या रूपात, भांडं हलवलं की झळकणारा. शिशाबद्दल शंका उरली नाही. ती कांडी रंगाला नको, आणि खरं तर भांड्यालाही नको. कल्हई ताटा-पातेल्याला लागते. घेणाऱ्यानं धातू शुद्ध आहे का हे विचारायलाच हवं. अशा अनोळखी धातूत आर्सेनिक असलं तर आम्लात त्याचा विषारी वायू निघतो, ती भीती वेगळीच.

मग शुद्ध दाणेदार कथील मागवलं. पहिल्यापासून क्षार करायचा तर हिशेब असा: १०० ग्रॅम कथिलापासून जास्तीत जास्त १९० ग्रॅम डायहायड्रेट मिळतो आणि त्याला ३६ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल कमीत कमी १४५ मिलीलीटर लागतं. वाफेत जाणारं धरून थोडं जास्त घ्यायचं. गार आम्लात कथील रेंगाळतं, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवलं की बुडबुडे धरतात. ते बुडबुडे हायड्रोजनचे, तेव्हा जवळ शेगडी नको, उदबत्ती नको, बिडी तर नकोच. काम गच्चीवर, सावलीत, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. शेवटी थोडं कथील तळाशी उरलं पाहिजे; ते उरलं म्हणजे द्रावणात टिन-चार शिल्लक नाही. ढेपेचंही तसंच केलं: आम्लात घातली, न विरघळलेला गाळ बसू दिला, वरचं नितळ द्रावण दाण्यांबरोबर कोमट ठेवलं.

पुस्तकी रीत पुढे जाऊन द्रावण आटवते, गार करते आणि स्फटिक काढते. ते आम्ही केलं नाही. स्फटिक काढले की पुन्हा तीच बाटली, तेच पत्र्याचं छप्पर आणि तोच ३७.७ चा आकडा. नुसते तापवून कोरडे करायला जावं तर पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिकही उडतं आणि बेसिक क्षार उरतो. निर्जल क्षार हवा असेल तर ॲसेटिक ॲनहायड्राईडनं पाणी ओढावं लागतं, आणि तो निर्जल क्षार मग २४७ अंशांपर्यंत वितळत नाही. एका रंगशाळेला एवढा खटाटोप कशाला? द्रावणच ठेवलं, काचेच्या गडद बाटलीत, तळाशी कथिलाचे दाणे. आयोडीननं मोजून एका मिलीलीटरात किती क्षार ते चिठ्ठीवर लिहिलं. झाकण पूर्ण आवळायचं नाही, आतल्या आम्लातून हायड्रोजन हळूहळू सुटत राहतो. बाटली तळमजल्यावरच्या कपाटात गेली. द्रावणाला वितळण्याची भीती नाही.

पत्र्याचा ड्रम भंगारात गेला आणि पाणी स्टीलच्या टाकीत तापू लागलं. माझा आग्रह असा होता की बहुतेक छटांना कथील लावूच नये. डाळिंबाचा पिवळा तुरटीवर चांगला येतो आणि तुरटी कुठल्याही वाण्याकडे मिळते. ताईंना ते पटलं, एका छटेपुरतं सोडून. त्या गिऱ्हाइकाला पास झालेलाच पिवळा हवा होता. तिथे कथील एक टक्क्यावर आणलं.

वापरलेल्या पाण्याचा प्रश्न मास्तरांनी स्वतःच्या पद्धतीनं सोडवला होता: आम्ल मारायला कॉस्टिक सोडा, तोही सढळ हातानं. कथिलाचं हायड्रॉक्साईड आम्लातही विरघळतं आणि जास्त कॉस्टिकमध्येही. त्यामुळे आधी बसलेला साका पुन्हा विरघळून गटारात जात होता. आता चुन्याची निवळी घालतात, कागदाच्या पट्टीवर सात-आठ आला की थांबतात, रात्रभर बसू देतात आणि खालचा गाळ वेगळा ठेवतात.

राहिला तो बिघडलेला लॉट. भुकटी कोमट पाण्यात, सौम्य साबणात दोनदा धुऊन बरीच निघाली. खाकी परत पिवळी होणार नव्हती, म्हणून उलट्या दिशेनं गेलो: थोडी हिराकस, पाच-सात मिनिटांची बुडी. चट्टे करड्या-ऑलिव्ह रंगात बुडाले आणि सगळ्या लड्या एकसारख्या झाल्या. गिऱ्हाइकानं पिवळ्यासाठी महिनाभर थांबायची तयारी दाखवली आणि ऑलिव्ह रंगाचे स्टोल दुसरीकडे गेले. लाल दोऱ्याच्या लड्या मात्र ताण्याला लावता आल्या नाहीत, मागावर तुटत होत्या. त्या बाण्यात घातल्या, दाट विणीत.